गोव्यात लग्न ठरलंय? सहीच्या बाबतीत या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या फोंड्याकडे हॉल, मांडववाले, भटजी सगळ्यांच्या तारखा भरतात. पत्रिका छापून होते, पहिली पत्रिका कुलदेवापुढे ठेवून होते, आणि मग कुणीतरी विचारतं, "सही झाली का?" म्हणजे निबंधकासमोरची, लग्न नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोरची सही. हा प्रश्न मुहूर्त काढायच्याही आधी विचारायला हवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सहीला लग्नाची निव्वळ नोंद समजणं. महाराष्ट्रात ते खरं आहे. तिथे हिंदू विवाह विधींनी होतो आणि नोंदणी हा त्याचा पुरावा. विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली स्पष्ट केलं. गोव्यात नेमकं उलटं आहे. इथे 1910 चा पोर्तुगीज विवाह कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला, आणि त्याच्या लेखी लग्न हा दिवाणी करार आहे. निबंधकासमोर केलेली सही हेच लग्न. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, सप्तपदी झाली, हजार माणूस जेवून गेलं, तरी कायद्याने लग्न लावण्याचा अधिकार भटजींकडे नाही.

माझ्या नात्यातल्या एका काकूंचं लग्न देवळात लागलं आणि सही राहून गेली. "करू सावकाश" म्हणता म्हणता सव्वीस वर्षं गेली. काका वारले आणि घराच्या कागदांवर नाव लावायची वेळ आली, तेव्हा विवाहाचा दाखला मागितला गेला. काकूंनी पिशवीतून लग्नाचा अल्बम काढून टेबलावर ठेवला. समोरच्या माणसाने तो न उघडताच परत सरकवला. मी शेजारी उभी होते. काकूंचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही मी ओळखीच्या प्रत्येक घरात सहीचं विचारते.

ख्रिस्ती कुटुंबांत ही चूक सहसा होत नाही. लग्नाचा इरादा जाहीर करणारी पहिली सही झाल्यावर निबंधकाकडून मिळणारा ना हरकत दाखला हातात आल्याशिवाय पाद्री चर्चमध्ये लग्न लावत नाहीत, आणि चर्चमधल्या लग्नाची नोंद पुढे सरकारी दप्तरात जाते. भटजी असा कागद मागत नाहीत. त्यांनीही तो मागावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक याच्या बरोबर उलट. सह्या दोन असतात. पहिल्या सहीला लग्नाचा इरादा जाहीर होतो, नोटीस लागते. हरकतींची मुदत संपली की दुसरी सही. काही घरांत दुसरी सही साखरपुड्याच्या आसपास उरकून घेतात आणि मांडव सहा महिन्यांनी घालतात. मधल्या काळात बिनसलं तर? घरचे म्हणतात, "लग्न कुठे झालंय अजून?" पण ते झालेलं असतं. मुलगी माहेरीच राहिली असली तरी मोकळं व्हायला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून दुसरी सही मुहूर्ताच्या अगदी जवळ ठेवा.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते नावाशी. जन्मदाखल्यावर 'कुमुदिनी', आधारवर 'कुमुद'. वडिलांचं 'शेट' आडनाव जुन्या नोंदीत पोर्तुगीज वळणाने एक्सपासून लिहिलेलं, आणि मुलाच्या पासपोर्टवर एसपासून. घरात कुणाला यात वावगं दिसत नाही, खिडकीवर मात्र फाईल थांबते. पत्रिका छापायला देण्यापूर्वी दोघांचे जन्मदाखले, रहिवासाचे पुरावे आणि आधार एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. साक्षीदारांनी स्वतःची ओळखपत्रं विसरू नयेत.

आता मालमत्ता. यावर घरात उघड बोलायला संकोच वाटतो, आणि नुकसान तिथेच होतं. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि तिच्यात दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो. म्हणूनच इथे नवऱ्याच्या नावावरचं घर विकतानाही बायकोची सही लागते. आमच्या बायकांना मिळालेला हा मोठा आधार आहे, तो सहजासहजी सोडू नये. तरीही कुणाला वेगळी व्यवस्था हवी असेल, धंद्यावर कर्ज असेल किंवा दुसरं लग्न असून पहिल्या संसारातली मुलं असतील, तर विवाहपूर्व करार करता येतो. तो घरी स्टॅम्प पेपरवर लिहून चालत नाही. त्याचा रीतसर दस्त नोटरीचे अधिकार असलेल्या निबंधकासमोर करावा लागतो, आणि तोही लग्नाआधी. लग्न झाल्यावर नवा करार करता येत नाही, की केलेला बदलता येत नाही. त्यामुळे वकिलाकडे जायचं असेल तर पहिल्या सहीच्याही आधी जा, आणि दोघांनी मिळून जा.