सोलापूरच्या उन्हात ओलं लाकूड कातताना

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून पटाशीने कातायच्या यंत्रावर, हात बसायला लागला की प्रत्येकाला वाटी कातायची हौस येते. लाकूडही सहज मिळतं. वादळात पडलेला कडुलिंब असतो, नाहीतर बांधावरची बाभूळ. ओलं असल्यामुळे ते पटाशीखाली मऊ लागतं. अडचण नंतरची. दमट मुलखातले लोक व्हिडिओत सांगतात, ओंडका हवेशीर जागी ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, हवा कोरडी ठणठणीत, वर पत्र्याचं शेड. लाकूड वाळणार याची काळजीच नको, ते घाईने वाळणार नाही हे बघायचं.

तडा का जातो ते आधी समजून घ्या. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की लाकूड आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. खोडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या जेमतेम निम्मं गाभ्याकडून सालीकडे. लांबीत तर जवळजवळ नाहीच. घेर लहान होऊ बघतो, आतलं लाकूड तेवढं हटत नाही, मग अख्खा ओंडका सालीपासून गाभ्यापर्यंत फाटतो. त्यात कापलेल्या तोंडातून ओल बाजूंपेक्षा कितीतरी लवकर उडते, म्हणून चिरा आधी तिथेच.

म्हणून कापल्या दिवशीच ओंडका गाभ्यातून उभा चिरून घ्या. वखारीत करून देतात, फक्त मधला गाभा दोन्ही भागांतून काढायला बजावून सांगा. दोन्ही तोंडांना वितळवलेलं मेण लावा, नाहीतर फेव्हिकॉलचे दोन-तीन जाड हात. 'उद्या बघू' हे मे महिन्यात चालत नाही. केसासारख्या चिरा दिसल्याच तर तेवढं टोक कापा आणि मग मेण लावा.

वाटी मी दोनदा कातते. पहिल्या वेळी काठ व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड, म्हणजे २० सेंटिमीटरच्या वाटीला २ सेंटिमीटर. तळही तेवढाच हवा. तो जाड राहिला तर काठ आधी वाळतो आणि ओढाताणीत फाटतो. मग वाटी तिच्याच किसात बुडवून कागदी पिशवीत, आतल्या खोलीत जमिनीवर. कूलरच्या झोतात तर मुळीच नको. तळाला पेन्सिलने लाकूड, तारीख, वजन लिहायचं आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं. (घरचे कुरकुरतात.) वजन घटायचं थांबलं की वाळली. पावसाळ्यात ते थोडं वाढतंही. बुरशी दिसली तर कीस बदला. तोवर वाटी लंबगोल झालेली असते, जाडी ठेवली ती तिला पुन्हा गोल करण्यासाठीच. बाभूळ जड, तिला वेळ जास्त द्या.

बारीक चिरेत पातळ फेव्हीक्विक मुरवलं तर ती सहसा पुढे सरकत नाही. नख आत जाईल एवढी चीर मात्र फिरत्या लेथवर धोक्याची. तो तुकडा चिरेवरून कापा आणि उरल्यातून भोवरा निघतो का बघा.