माशांच्या पिल्लांसाठी घरच्या घरी आर्टेमिया

एंजल माशाची पिल्लं पोहायला लागली की त्यांना हलणारंच खाणं हवं असतं. भुकटी नाकासमोर तरंगत असली तरी ढुंकून बघत नाहीत. तिथे आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिंप हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा चिमुकला जीव, कामी येतं. त्याची अंडी सुकवून विकतात, दिसायला दळलेल्या कॉफीसारखी. अमेरिकेतल्या युटामधलं ग्रेट सॉल्ट लेक त्यासाठी प्रसिद्ध आहे.

शीतपेयाची 2 लिटरची बाटली घ्या, बूड कापा, झाकण घट्ट लावून उलटी उभी करा. रात्रभर उघडं ठेवलेलं लिटरभर पाणी ओता. त्यात 25 ग्रॅम खडेमीठ आणि चिमूटभर खायचा सोडा विरघळवा. मग पाव चमचा अंडी. पहिल्या खेपेला यापेक्षा जास्त टाकायचा मोह होतो, तो आवरा.

एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडा. नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र दगड, म्हणजे एअर स्टोन, नको, बारीक बुडबुड्यांचा फेस होतो आणि अंडी काठाला चिकटून कोरडी राहतात. पाणी खळखळत राहिलं पाहिजे. 26 ते 28 अंश तापमान आणि उजेड मिळाला की साधारण 24 तासांत पिल्लं निघतात. पुण्याच्या थंडीत मात्र 36 तासही लागतात, म्हणून मी शेजारी टेबललॅम्प लावून ठेवतो.

आता खरं कसबाचं काम. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात. तळापासून दोन बोटं वर बाजूने टॉर्च धरला की केशरी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तिथूनच बारीक नळीने ती ओढून घ्या. टरफलं जाऊ देऊ नका, माशाच्या पिल्लांच्या पोटात अडकतात. आणि हवा जास्त वेळ बंद ठेवू नका. एकदा मी फोनवर बोलत बसलो, परतलो तर सगळा घाणा मेलेला आणि वास विचारू नका!

ओढून घेतलेलं पाणी दाट विणीच्या सुती रुमालातून गाळा, वर गोडं पाणी ओतून मीठ धुवा आणि लगेच खायला घाला. उशीर केला तर आर्टेमिया अंगातला बलक संपवतं आणि त्याचा कस कमी होतो. गोड्या पाण्यात ते काही तासच जगतं, मग कुजतं. म्हणून थोडं थोडंच घाला. पाचेक मिनिटांत भिंगातून बघा, माशाच्या पिल्लांची पोटं केशरी दिसतील.

उरलेल्या अंड्यांची पुडी हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये. पावसाळ्यात ओट्यावर विसरलात तर पुढची खेप फुकट गेलीच समजा.