ऑनबोर्ड ग्राफिक्समध्ये अडकलेली रॅम: लिनक्सला स्वॅप कसा द्यावा

गणपतीच्या दिवसांत सांगलीतल्या फ्लेक्स डिझाइनच्या दुकानात 4 जीबी रॅमचं, इंटेल ऑनबोर्ड ग्राफिक्सचं मशीन अडकायला फार वेळ लागत नाही. 10 बाय 6 फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयला म्हणजे 8640 बाय 5184 पिक्सेल. पिक्सेलला 4 बाइट धरले तर एका लेअरचेच 179 एमबी. असे पाच लेअर, शेजारी ब्राउझर, की माउस जागीच थिजतो.

ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. विंडोंचे बफर (पडद्यावरचं चित्र ठेवायची मेमरी) रॅममध्येच बसतात, फुल एचडीचा एक बफर साधारण 8 एमबीचा. रॅम आटली की कर्नल (लिनक्सचा गाभा) आय915 या इंटेल ग्राफिक्स ड्रायव्हरच्या श्रिंकरकडे, म्हणजे मेमरी मोकळी करणाऱ्या भागाकडे, जागा मागतो. श्रिंकर दोनच प्रकारचे बफर सोडतो: प्रोग्रामनेच 'टाकून दिले तरी चालतील' म्हटलेले, किंवा स्वॅपमध्ये (रॅम भरल्यावर वापरायला, सहसा डिस्कवर, राखलेल्या जागेत) हलवता येणारे. स्वॅप नसला किंवा काठोकाठ भरला, तर दुसरी वाट बंद. मग ओओएम किलर येतो, म्हणजे मेमरी संपली म्हणून कर्नलच एखादा प्रोग्राम बंद पाडतो. या बफरांचा हिशोब प्रोग्रामच्या नावावर पुरता लागत नाही, म्हणून भलताच प्रोग्राम मरतो आणि सेव्ह न केलेलं डिझाइन जातं.

आधी 'फ्री -एच' चालवा. स्वॅपच्या ओळीत शून्य असेल तर दुखणं तिथेच आहे. मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) 'पर्जिंग जीपीयू मेमरी' शोधा. त्या ओळीत 'स्टिल पिन्ड'चा आकडा मोठा असेल तर तेवढी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) सोडवता आलेली नाहीत.

स्वॅप फाइल अशी करा (सगळीकडे सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लावून):

1. डीडी कमांडने 1 एमबीचे 4096 ब्लॉक लिहून 4 जीबीची फाइल बनवा. फाइलसिस्टिम बीटीआरएफएस असेल तर ही पद्धत चालत नाही.
2. फाइलला चमॉड 600 परवानगी द्या, नाहीतर स्वॅपऑन असुरक्षित परवानगीची तक्रार करतो.
3. एमकेस्वॅपने फाइल स्वॅपसाठी तयार करा, मग स्वॅपऑनने चालू करा.
4. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय जोडायचं याची यादी) ओळ घाला: फाइलचा पूर्ण पथ, नन, स्वॅप, एसडब्ल्यू, 0, 0. ही राहिली तर रीस्टार्टनंतर स्वॅप गायब होतो.

जुनी हार्ड डिस्क असेल तर नुसत्या फाइलवर विसंबू नका. मशीन मरणार नाही, पण रांगेल. उबुंटूत झेडरॅम-टूल्स बसवा, झेडरॅमस्वॅपच्या सेटिंग फाइलमध्ये पर्सेंट 50 करा, ओळीपुढचा हॅश काढा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. पानं रॅममध्येच दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवली जातात. 'स्वॅपऑन --शो'मध्ये झेडरॅमची प्रायॉरिटी फाइलपेक्षा जास्त दिसली पाहिजे, म्हणजे आधी तो भरेल, मग डिस्क.

स्वॅपिनेस (कर्नल स्वॅपकडे किती सहज वळतो ते ठरवणारा आकडा) मात्र शून्यावर आणू नका. जागा करून द्यायची आणि कर्नलला तिकडे जवळजवळ जाऊच द्यायचं नाही, असं होतं.