शाई सांगा, शब्द नको

शब्द न वाचता तो कुठल्या रंगाच्या शाईत लिहिलाय ते सांगायचं, हा प्रयोग अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवलं तेव्हा मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात घ्यायचे. पोरं पुस्तक उघडायच्या आधीच हरायची, आणि मग लक्ष देऊन ऐकायची. घरी करायला दोन कोरे कागद, चार स्केचपेनं आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

रंग घ्या लाल, निळा, हिरवा, काळा. पिवळा नको, पांढऱ्या कागदावर दिसत नाही. पहिल्या कागदावर एका ओळीत पाच, अशा आठ ओळींत चाळीस रंगीत चौकोन काढा. एकच रंग लागोपाठ दोनदा येऊ देऊ नका. दुसऱ्या कागदावर रंगांचा क्रम तोच, पण चौकोनाऐवजी भलत्याच रंगाचं नाव लिहायचं: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, ‘हिरवा’ काळ्यात. मराठीत एक खाचखळगा आहे. कुठे ‘निळा’, कुठे ‘निळी’ असं करू नका, सगळीकडे एकच रूप ठेवा. आणि समोरचा लालला तांबडा म्हणत असेल तर कागदावरही तांबडाच लिहा.

आता फक्त शाईचा रंग मोठ्याने सांगायचा. चुकलं तर तिथेच दुरुस्त करून पुढे जायचं. घड्याळ थांबवायचं नाही. मला चौकोनांना 26 सेकंद लागले, शब्दांना 43. तिसऱ्या ओळीत जीभ अडखळते, माणूस स्वतःवरच हसतो आणि तेवढ्यात आणखी दोन चुकतो.

जॉन रिडली स्ट्रूप यांनी अमेरिकेत हे 1935 साली प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे शंभर-शंभर नग होते: नुसत्या रंगांना सरासरी 63 सेकंद, भलत्या शाईतल्या शब्दांना 110. उलट बाजूने मात्र काही बिघडत नाही. शाई कुठलीही असो, शब्द वाचायला वेळ जवळपास सारखाच लागतो. हेही करून बघा, नाहीतर अर्धीच गंमत कळेल.

कारण वाचणं हे आपण ठरवून करत नाही. अक्षर दिसलं की वाचून झालेलंच असतं. रंगाचं नाव मात्र शोधावं लागतं. दोन उत्तरं एकदम ओठांशी येतात आणि त्यातलं आगाऊ उत्तर मेंदूला मागे ओढावं लागतं. ही ओढाताण चालू असताना मेंदूच्या पुढच्या भागात, दोन गोलार्धांच्या आतल्या बाजूला असलेला अँटिरिअर सिंग्युलेट हा पट्टा स्कॅनमध्ये जास्त कामाला लागलेला दिसतो.

डोळे किलकिले करून अक्षरं पुसट केली की वेळ सुधारतो. ही लबाडी आहे, करू देऊ नका. पण नंतर कागद उलटा धरून मुद्दाम करायला लावा. शब्द पटकन वाचता येत नाही तेव्हा अडथळाही कमी होतो. माझ्या बेळगावच्या शेजारणीने मला असाच एक कागद कन्नडमध्ये करून दिला. मला ती अक्षरं म्हणजे नुसती नक्षी, मी चौकोनांच्या वेगाने सुटले. ती बिचारी स्वतःच लिहिलेल्या ‘केंपु’पाशी अडकली.

आमच्यात सगळ्यात चांगला निकाल माझ्या आईचा. शाळेचं तोंड न पाहिलेली, वय चौऱ्याऐंशी. तिला दोन्ही कागदांना सारखाच वेळ लागला. सुनांची फजिती बघून झाल्यावर म्हणाली, “एवढं काय अवघड आहे गं त्यात?”

घरात नुकतंच पहिलीत गेलेलं मूल असेल तर कागद जपून ठेवा, उन्हात नको, स्केचपेन विटतं. जूनमध्ये एकदा करून घ्या, मागे तारीख आणि सेकंद लिहा. वार्षिक परीक्षा झाली की तोच कागद परत काढा.