पदवीनंतर नोकरी शोधताय? निदान या चुका टाळा

परवा एक मुलगा नॉन क्रीमी लेयरचा दाखला घेऊन माझ्याकडे आला. दाखला खरा, शिक्का खरा, सेतूत रांग लावून आणलेला. मुदत मात्र ३१ मार्चला संपलेली, आणि अर्जाची शेवटची तारीख होती एप्रिलमधली. परीक्षा तो पास झाला होता, कागदपत्र पडताळणीत बाद झाला. "मॅडम, एवढ्याशा कारणावरून?" असं तो तीनदा म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवते. गेली अकरा वर्षं कॉलेजचा प्लेसमेंट सेलही माझ्याकडे आहे. जागा कमी आहेत हे मला कुणी सांगायला नको. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. २०२४ला झालेल्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर. केंद्राच्या २०२२-२३च्या श्रमशक्ती पाहणीत एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती, पदवीधरांमधली १३.४. शिकलेल्या पोरांनाच काम मिळत नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. पण इतक्या कमी जागांमधली एखादी हातात आलेली असताना ती तारीख चुकल्यानं किंवा कागद नसल्यानं जाते, तेव्हा माझा जीव तुटतो. म्हणून हे लिहितेय.

वय मोजताना फक्त ३८ धरणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघितली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते.

राज्याच्या नोकऱ्यांत खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशी वयोमर्यादा आहे. अभ्यासिकेत पाऊल ठेवलं की पहिल्या आठवड्यात हा आकडा कानावर पडतो आणि मुलं निर्धास्त होतात. बावीसचा मुलगा म्हणतो, अजून सोळा वर्षं आहेत. पण आयबीपीएस या संस्थेच्या परीक्षेतून होणाऱ्या बँक क्लार्कच्या भरतीची मर्यादा २८ आहे आणि पीओची, म्हणजे बँकेतल्या प्रोबेशनरी अधिकाऱ्याची, ३०. ओबीसींना त्यावर ३ वर्षांची सूट, एससी-एसटींना ५. ही दारं बंद होताना आवाज होत नाही. एखाद्या वाढदिवसाला मिठाई वाटली जाते आणि त्याच दिवशी एक नोकरी कायमची हातची गेलेली असते.

धारूरकडचा माझ्या ओळखीतला एक मुलगा. बीएस्सी केमिस्ट्री, ७२ टक्के, खुला वर्ग. २०१६ला एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात गेला. नवी पेठेत कॉट बेसिसवर खोली, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, सगळं मिळून महिन्याला आठ हजार. वडील तीन एकर सोयाबीनवर ते भागवायचे. एका पूर्व परीक्षेत दीड गुणानं राहिला. दीड गुणानं राहणं फार वाईट, कारण मग सोडवत नाही. पुढच्या खेपेला मुख्यपर्यंत पोचला. मग २०२० आलं. ५ एप्रिलला होणारी पूर्व परीक्षा पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ला झाली. शेवटच्या वेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती, त्यात हाही होता. ते जवळजवळ एक वर्ष त्याच्या आयुष्यातून गेलं आणि त्याचा हिशेब कुणी कुणाला दिला नाही. त्यानंतर मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार असं ठरलं. नंतर ते २०२५च्या परीक्षेपर्यंत पुढे ढकललं, पण घोषणा झाली त्याच दिवशी त्याच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या चार ट्रंका नोट्स रद्दीच्या भावाच्या झाल्या.

२०२३ला, एकोणतिसाव्या वर्षी, तो फाइल घेऊन माझ्यासमोर बसला. "मॅडम, आता बँकेचं बघू म्हणतो." मी त्याच्या जन्मतारखेकडे बघितलं आणि दोन मिनिटं काही बोलले नाही. क्लार्कचं दार बंद झालं होतं. पीओसाठी काही महिने उरले होते आणि त्याचा बँकिंगचा अभ्यास शून्य होता. शिकाऊ उमेदवारीच्या बहुतेक जाहिरातींना ताजा पदवीधर हवा असतो, तेही गेलं. खासगी मुलाखतीत विचारायचे, सात वर्षं काय केलं? तो खाली मान घालायचा.

आम्ही बसून त्याचा बायोडेटा नव्यानं लिहिला. सात वर्षं लपवली नाहीत. 'स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत. अभ्यासिकेत ज्युनिअर मुलांना सामान्य विज्ञान शिकवलं.' एवढंच, सरळ. वाळूजच्या एका औषध कंपनीनं त्याला क्वालिटी कंट्रोलमध्ये ट्रेनी म्हणून घेतलं. त्याचा सुपरवायझर त्याच्याच कॉलेजचा, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. मुलगा आजही तिथेच आहे, काम चांगलं करतो, तक्रार करत नाही. पण तो पंचविसाव्या वर्षी आला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

यावर माझा उपाय म्हणजे एक कोरा कागद. वर स्वतःची जन्मतारीख लिहायची. खाली ज्या-ज्या परीक्षा देता येतात त्या प्रत्येकीची मर्यादा आणि ती आपण कोणत्या तारखेला ओलांडतो ते. मोबाईलमध्ये नको, कागदावरच, आणि तो अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवायचा. माझ्या मुलांना मी आणखी एक नियम घालून देते: दोन पूर्व परीक्षा पूर्णवेळ द्या. तिसरी द्यायची असेल तर नोकरी करत द्या. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या समोर बसलेल्या चेहऱ्यांवरून केला आहे. 'प्लॅन बी ठेवला की प्लॅन ए होत नाही' असं क्लासच्या व्यासपीठावरून सांगितलं जातं, टाळ्याही पडतात. मला ते वाक्य धोक्याचं वाटतं. ते सांगणाऱ्याची फी आधीच जमा झालेली असते.

मूळ प्रमाणपत्रं देऊन टाकणं आणि बदल्यात कागद न घेणं

२०१९ची गोष्ट. बीकॉम झालेली माझी विद्यार्थिनी पुण्यातल्या एका छोट्या फायनान्स ऑफिसात लागली. पगार १४ हजार ठरला, तोंडी. पहिल्याच दिवशी दहावी, बारावी आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं 'व्हेरिफिकेशनसाठी' ठेवून घेतली आणि दोन वर्षांच्या बाँडवर सही घेतली. बाँडची प्रत तिला दिली नाही. नियुक्तिपत्र मागितलं तर "पुढच्या महिन्यात." ती गप्प बसली. पहिली नोकरी, शहर नवीन, रूमचं डिपॉझिट भरलेलं. मीही कदाचित गप्पच बसले असते.

आठ महिन्यांनी एका सहकारी बँकेत तिची निवड झाली. कागदपत्र पडताळणी सात दिवसांवर. ऑफिसवाल्यानं प्रमाणपत्रं द्यायला नकार दिला: आधी बाँडचे पन्नास हजार भर. एका नातेवाइकानं सल्ला दिला की पोलिसांत हरवल्याची नोंद कर आणि बोर्डाकडून दुसरी प्रत काढ. मी तिला ते करू दिलं नाही. कागद हरवले नव्हते, आणि खोट्या नोंदीवर सरकारी प्रत काढायची म्हणजे पुढे कुणी खोलात गेलं तर तिच्याच गळ्याशी आलं असतं. आम्ही एका पानाचं पत्र लिहिलं. कोणती प्रमाणपत्रं, कोणत्या तारखेला दिली, कुणाच्या हातात दिली, आणि ती सात दिवसांत परत न केल्यास पोलिसांकडे तक्रार करू. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवलं. नवव्या दिवशी फोन आला, "येऊन घेऊन जा." प्रमाणपत्रं मिळाली. पडताळणी दोन दिवस आधीच होऊन गेली होती आणि तिच्या जागी प्रतीक्षा यादीतला उमेदवार घेतला गेला होता. ती बँकेच्या दारात उभी राहून मला फोनवर फक्त "मॅडम, झालं" एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी निरोप समारंभातही हेच बोलते, मुलांना कंटाळा आला तरी. मूळ प्रमाणपत्र दाखवायचं असतं, द्यायचं नसतं. समोर बसून तपासू द्या, स्वसाक्षांकित झेरॉक्स द्या, मूळ कागद पिशवीत घालून उठा. फारच अडलं तर कंपनीच्या लेटरहेडवर पोच घ्या, यादी आणि तारखेसकट. जो पोच द्यायला तयार नाही, त्याच्याकडची नोकरी सोडा. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आणून ठेवा, त्याला अर्धा तास लागतो.

पगाराचंही तसंच. पहिला पगार झाला की दोन गोष्टी बघा: पगारपत्रक मिळालं का, आणि पीएफच्या पासबुकात पैसे जमा झाले का. बऱ्याच मुलांना नोकर म्हणून न घेता 'कन्सल्टंट' म्हणून दाखवतात आणि व्यावसायिक शुल्काचा १० टक्के टीडीएस कापतात. मुलं समजतात, कर कापला म्हणजे मोठी नोकरी लागली. त्या कागदानुसार ते कर्मचारीच नसतात, पीएफ नाही, हक्काची रजा नाही. कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मागता येतो, निदान तो तरी सोडू नका. आणि नोकरी बदलताना दरवेळी पीएफ काढून मोबाईल घेऊ नका. नव्या खात्यात वळवा. पेन्शनच्या हक्कासाठी १० वर्षांची सेवा लागते आणि ती अशीच तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते.

सेट झाली म्हणजे प्राध्यापक झालो असं समजणं

नेट-सेट ही पात्रता आहे, नेमणूक नाही. मी स्वतः नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनला नव्यानं मुलाखत, त्याच वर्गासाठी, त्याच विषयासाठी. मे महिन्यात मानधन नाही. वर्षाचं बिल कधी कधी पुढच्या वर्षी निघायचं. त्या वर्षांत मला शिकवण्याचा आनंद मिळाला, तो खोटा नव्हता, पण माझ्या लग्नातलं मंगळसूत्र दोनदा गहाण पडलं हेही खरं. शिकवायची मनापासून ओढ असेल तर जरूर या. दोन वर्षं बघा, आणि त्या दोन वर्षांत दुसरं एक कौशल्य पक्कं करा. टॅली, जीएसटी रिटर्न, भाषांतर, ज्याचा त्याचा विषय. 'पुढच्या वर्षी भरती निघेल' या वाक्यावर संसार मांडू नका. मी मांडला होता.

घाई

नव्या मुलांचा मला खरोखर राग येतो तो इथे. चांगल्या कंपनीत शिकाऊ उमेदवारी मिळत असते. २०१९च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले होते, शिवाय वर्षभर प्रत्यक्ष काम आणि शेवटी प्रमाणपत्र. मुलं म्हणतात, "नऊ हजारात काय होतंय?" आणि तीच मुलं घरबसल्या डेटा एंट्रीचे पंचवीस हजार मिळतील म्हणून अडीच हजार रजिस्ट्रेशन भरून येतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागितले की फोन ठेवा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही असंच झालं. पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये, मुदत सहा महिने, पुढे ती वाढवून अकरा केली. ते प्रशिक्षण होतं. कायम करतील या आशेवर कित्येकांनी त्या काळात दुसरीकडे एक अर्ज केला नाही. अशा ठिकाणी असाल तर तिसऱ्या महिन्यापासूनच बाहेर अर्ज सुरू करा आणि निघताना केलेल्या कामाचा लेखी दाखला घ्या.

बाकीच्या चुका एकेका ओळीत सांगते.

दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं: आजच दुरुस्त करा, निवड झाल्यावर वेळ मिळत नाही.

टायपिंग टाळणं: लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, ते जाहिरात निघाल्यावर मिळवता येत नाही.

एकच बायोडेटा चाळीस ठिकाणी पाठवणं.

अनोळखी नंबर न उचलणं: मुलाखतीचा फोन अनोळखी नंबरावरूनच येतो.

नोकरी लागत नाही म्हणून आणखी एक पदवी घेणं: एमए झालं, बीएड झालं, आता एमएसडब्ल्यू. आधी त्या पदवीवर लागलेल्या तीन माणसांना जाऊन भेटा, मग फी भरा.

घरी न सांगणं

मागच्या दिवाळीआधी एका मुलाची आई एसटीनं कॉलेजात आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. "बाई, याची परीक्षा कधी हाय? विचारलं की नुसतं होईल म्हणतो." तिचा मुलगा अभ्यासिका सोडून दीड वर्षापासून चाकणला कंत्राटदाराकडे होता. बारा तासांची शिफ्ट, उभ्यानं काम. ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. घरी दर महिन्याला येणारे चार हजार ती स्कॉलरशिपचे समजत होती.

अशा वेळी मी मधे निरोप सांगत नाही. पोरगं आणि घरचे, दोघांना एकमेकांशीच बोलायला लावते, शक्य तर समोरासमोर. मी त्याला तिथूनच फोन लावला. "आई आलीय, समोर बसलीय. तूच सांग," एवढं म्हणून फोन तिच्या हातात दिला आणि व्हरांड्यात जाऊन थांबले. पंचवीस मिनिटं दोघं बोलत होते. बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "त्याला तिथं जेवायला कोण करून घालतंय?"