इंजिन बदलताय? मग या चुका तरी करू नका

घरच्या अंगणात चेन कप्पी टांगून इंजिन बदलणाऱ्या पोरांचं मला कौतुकच आहे. पण फोन येतो तो ठरलेला: "काका, सगळं जोडलंय, बॅटरी पण नवीन आहे, तरी सेल्फ नीट फिरत नाही." मी विचारतो, अर्थिंगची पट्टी लावली का? पलीकडे शांतता.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध आपोआप जुळत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार बॉडीला कसली आणि बॉडी ते इंजिन ही तांब्याची विणलेली पट्टी विसरली, की स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधत बसतो. माझ्या भाच्याच्या मारुती ८०० मध्ये ती त्याला अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमध्ये सापडली.

जुनं इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं म्हणून त्याने भंगारातून दुसरं ७९६ सीसीचं आणलं. पावसाळ्याचे दिवस, पत्र्याखाली काम, रात्रीचे साडेअकरा. किल्ली मारली तर इंजिन कण्हलं आणि थांबलं. "मामा, बॅटरी उतरलीय." मलाही झोप अनावर झालेली. तपासायचं सोडून शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जंपरने जोडली. पुन्हा किल्ली. प्लास्टिक जळाल्याचा वास आला, बॉनेटखालून धूर निघाला. केबलचं आवरण वितळून आतली तार जाम झाली होती. पेडल दाबलेलं असताना ती तशी अडकली असती आणि इंजिन चालू झालं असतं तर काय, हा विचार मी आजही टाळतो. पट्टी? ती जुन्या इंजिनाला लटकत भंगारवाल्याकडे गेली होती.

तेव्हापासून माउंटिंगचे बोल्ट कसले की पहिली अर्थिंगची पट्टी, मग बाकी सगळं. ती लागेपर्यंत स्टिअरिंगला लाल चिंधी बांधलेली असते. दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करतो. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगतो. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर नवी बॅटरी आणायला धावू नका, जोड तपासा.

दुसरं डोकं फिरवणारं काम म्हणजे गिअरबॉक्स बोल्टने ओढून बसवणं. इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट हातानेच मिटली पाहिजे. मिटत नसेल तर क्लच प्लेट मध्यावर नाही किंवा गिअरबॉक्स तिरका लटकतोय. घाई झालेला माणूस पाना घेऊन आवळत सुटतो आणि बेल हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचा, कान तुटतो. अ‍ॅल्युमिनियम आहे ते, बाबांनो. क्लच प्लेट मध्यावर धरायला मी लाकडी दांडीला टेप गुंडाळून वापरतो. दिसायला गबाळं, पण काम होतं.

इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकू नका. नव्याने कूलंट भरल्यावर आत हवा अडकलेली असू शकते, आधी ती काढा. गाडीचं तोंड चढाकडे, हीटर गरमवर, झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं आणि सावकाश भरायचं. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन लवकर गरमच होत नाही आणि पेट्रोल पीत राहतं. तो काढायचा सल्ला देणारे उस्ताद गल्लोगल्ली भेटतात.

इंजिनाचं हेड ब्लॉकवर धरणाऱ्या बोल्टच्या भोकात साचलेलं ऑइल किंवा पाणी पुसल्याशिवाय बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कसायची सुरुवात मधून, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याकडून आटे गेलेले ब्लॉक मी पाहिलेत.

गाडीखाली जाताना घोडी, म्हणजे गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड, लावा. विटा नकोत, नुसता जॅक तर नकोच.

आणि भंगारातल्या इंजिनाचे पैसे मोजण्याआधी त्यावरचा नंबर शाबूत आहे का ते पाहा, पावती घ्या आणि आरटीओत विचारून या. आरसीवर जुनाच नंबर राहिला तर पासिंगच्या दिवशी गाडी कितीही झकास चालली तरी उपयोग नाही.