नव्या वर्षाचे संकल्प: आमच्या मंडळीत दरवर्षी होणाऱ्या चुका

31 डिसेंबरच्या वॉच नाईटला, म्हणजे वर्ष सरतानाच्या रात्रीच्या प्रार्थनासभेला, चर्चचे पाळकसाहेब (पास्टर) विचारतात, ‘कोणाला साक्ष द्यायची आहे का?’ मागच्या बाकावरचा एखादा पोरगा उठतो. उद्यापासून पहाटे चारला प्रार्थना, वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मोबाईल बंद. सगळे ‘आमेन’ म्हणतात, मीही म्हणतो. पण भुसावळात वीसेक वर्षं संडे स्कूल घेतोय, त्यामुळे त्या पोराचा फेब्रुवारी मला तेव्हाच दिसत असतो.

पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत. रोज तीन वाचले तर पहिली दोन पुस्तकं, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय, 30 जानेवारीला संपतात. योसेफ, तांबडा समुद्र, तोवर गाडी जोरात. दुसऱ्या दिवशी समोर तिसरं पुस्तक, लेवीय: होमबली, चरबी, कातडीवरचे चट्टे. दोन दिवस चुकतात, सहा अध्याय थकतात, मग बारा, मग शास्त्र परत टीव्हीच्या वरच्या फळीवर. माझं ऐका, पहिल्या वर्षी शास्त्रातलं फक्त नीतिसूत्रे हे पुस्तक वाचा. 31 अध्याय आहेत, आज 14 तारीख तर चौदावा. काल राहिला तर राहिला, थकबाकी भरायची नाही. लेवीय वाईट नाही हो, पण पहिल्याच दिवशी कोणी पोराला पाटाच्या पाण्यात ढकलून पोहायला शिकवतं का?

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ती माझीच आहे. एका वॉच नाईटला मी उभा राहून सांगितलं, ‘आजपासून तंबाखू सोडली.’ टाळ्या पडल्या, एका आजींनी डोळे पुसले. 6 जानेवारीला मी पानटपरीच्या मागे उभा होतो. पुढच्या रविवारी दारातच एकाने विचारलं, ‘काय भाऊ, सुटनी का?’ मी म्हटलं, ‘हां, सुटनी.’ आता तंबाखूच्या जोडीला खोटंही आलं. पुडी आणि चुन्याची डबी स्कूटरच्या डिकीत, रेनकोटच्या घडीत. जानेवारीत रेनकोट कोण काढतो? पण त्या महिन्यात अवकाळी आला. घरसभेहून निघताना पाळकसाहेबांना भिजू नये म्हणून मीच मोठ्या प्रेमाने रेनकोट झटकला आणि पुडी त्यांच्या पायाशी पडली. त्यांनी वाकून उचलली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘मंडळीला नंतर सांगा. आधी मला सांगत जा, दर शनिवारी.’

‘सगळे सोडून गेले तरी मी नाही,’ हा येशूचा शिष्य पेत्र याचा संकल्पही सगळ्यांसमोरच झाला होता. कोंबडा आरवायच्या आत, कोळशाच्या शेकोटीपाशी, ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत तो तीनदा मोडला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, वर मासे भाजतायत, आणि प्रभू त्याच पेत्राला तीनदा विचारतो ते प्रीतीबद्दल. ‘तू काय म्हणाला होतास?’ असं एकदाही नाही. त्या 6 जानेवारीला हे आठवलं असतं तर मी टपरीवरून सरळ पाळकसाहेबांकडे गेलो असतो.

बाकीच्या चुका पटकन सांगतो.

उपासाचा संकल्प 1 तारखेपासून करू नका. त्या दुपारी कोणाच्या तरी मळ्यात पऱ्हाटीवर वांगी भाजत असतात आणि कळण्याच्या भाकरीपुढे भलेभले हरतात.

‘पोराला नोकरी लागू दे, मग दशांश (कमाईचा दहावा भाग) देईन’ हा संकल्प नाही, नवस आहे. शास्त्रातल्या शास्ते 11 मध्ये इफ्ताहाचं काय झालं ते वाचा: जिंकलो तर घराच्या दारातून जो पहिला समोर येईल त्याला अर्पण करीन म्हणाला, आणि समोर आली त्याची एकुलती एक लेक.

एका रात्रीत दहा संकल्प करू नका. अठराव्या शतकातला अमेरिकेतला धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स याने 70 केले होते, हे मला ऐकवणारे भेटतात. त्याने ते 1722-23 मध्ये थोडे थोडे करून लिहिले, आठवड्यातून एकदा वाचायचे असं ठरवलं, आणि देवाच्या मदतीशिवाय मला काही जमणार नाही हे सगळ्यांच्या आधी लिहिलं. तेवढं कोणी करत नाही.

आणि ते कॅलेंडर! यिर्मया 29:11 घरोघरी भिंतीवर आहे, ‘हितकर योजना’ वगैरे. त्याच्या आधीचं दहावं वचन कोणी छापत नाही, कारण त्यात 70 वर्षं लिहिली आहेत. हे पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना होतं, आणि पाचव्या वचनात त्यांना घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय. रावेर-यावलचा केळीवाला घडासाठी वर्षभर थांबतो, आणि आमच्या पोरांना संक्रांतीच्या आत स्वभाव बदललेला हवा असतो! वॉच नाईटला नव्या वर्षासाठी शास्त्रातल्या वचनाची चिठ्ठी काढली की तिच्या अलीकडचं-पलीकडचं अर्धं पान वाचायचं, ही माझी सवय. चिठ्ठीवर गोड तेवढंच मावतं.

माझी तंबाखू? शनिवारी पाळकसाहेबांकडे चहा आणि कबुली, असे सहा महिने गेले. किती शनिवारी ‘नाही जमलं’ एवढंच सांगून परत आलो, मोजले नाहीत. जुलैत कधीतरी सुटली. मंडळीत मी काहीच बोललो नाही. एक दिवस कपडे धुताना बायको म्हणाली, ‘हल्ली खिशाला चुना लागत नाही तुमच्या.’